राणीसरकारांचं पोट

झुंबरआप्पांनी शिंप्याची टेप माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टर, आधी कंबर मोजा. तपासायचं ते मग तपासा."

कंबर मोजायची होती ती घोडीची. पशुवैद्यकीची पदवी घेऊन मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालो, त्याला आठ महिनेही झाले नव्हते. तोवर म्हशी, शेळ्या आणि एकदा तहसीलदारांचा पोपट एवढ्यांवर हात चालवला होता. घोडीची कंबर मोजायची पाळी आली नव्हती. मी मोजली. आप्पांनी आकडा भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहिला, गेल्या सोमवारच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. अर्धा इंच कमी भरला होता.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. झुंबरआप्पा चौधरी म्हणजे तापीकाठचे जिनिंगवाले. कापसात पैसा झाला, दोन मजली घर झालं, पोरीचं लग्न झालं, आणि मग आप्पांच्या लक्षात आलं की आपल्या घराण्यात सगळं आहे, फक्त राजेपण तेवढं नाही. ते त्यांनी मारवाडातून विकत आणलं. पांढरीशुभ्र, कानांची टोकं एकमेकांना भिडणारी, नाचाची घोडी. तिचं नाव त्यांनी राणीसरकार ठेवलं. जिनिंगवरच्या माणसांना ताकीद होती की घोडीला घोडी म्हणायचं नाही. त्यामुळे "राणीसरकारांनी लीद टाकली" असं वाक्य मी त्या आवारात, अगदी गंभीर चेहऱ्याने उच्चारलेलं, स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

राणीसरकारांच्या तबेल्याला खालपासून वरपर्यंत फरश्या होत्या. वर पंखा होता. माझ्या दवाखान्यात नव्हता. समोरच्या भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा लावलेला होता. आरसा कशाला, असं मी विचारलं, तर आप्पा म्हणाले की जनावराला स्वतःची किंमत कळली पाहिजे.

मला बोलावलं होतं ते घोडी नाचेनाशी झाली म्हणून. मार्गशीर्षात नदीकाठी घोड्यांची यात्रा भरायची, तिथे नाचाची स्पर्धा असायची, आणि ती तीन महिन्यांवर आली होती. घोडी ढोल ऐकला की पाय उचलायच्या ऐवजी कान मागे पाडायची. खोगिराचा तंग आवळायला गेलं की वळून चावायला यायची. खुराक अर्धा खाऊन सोडून द्यायची, उगाच जांभया द्यायची, दात करकर खायची. अंगावरची चकाकी उतरली होती. तिला नाच शिकवणारे बलदेव उस्ताद म्हणायचे की हा माज आहे. आप्पांच्या पत्नी म्हणायच्या की दृष्ट आहे. दृष्ट काढून झाली होती. माजावर चाबूकही चालवून झाला होता.

मी विचारलं, खायला काय देता? आप्पांनी अभिमानाने यादी सांगितली. सकाळी भिजवलेले हरभरे, बदाम, गूळ. संध्याकाळी बाजरीच्या भाकरी, तूप, सहा अंडी. गवत? गवताची एक पेंढी, पहाटे. दिवसभर काही नाही. गवताने पोट सुटतं, आणि स्पर्धेतल्या पंचांना पाठीला लागलेलं पोट आवडतं. भुकेने ती खाली अंथरलेला भुसा खायची, लाकडी दांडा कुरतडायची, म्हणून तिच्या तोंडाला मुसकी बांधलेली होती. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत राणीसरकार दोन्ही बाजूंनी दोर बांधून, मुसकी घालून, आरशात स्वतःची किंमत पाहत उभ्या असायच्या.

मी सांगितलं की हिच्या जठरात जखमा झाल्या असाव्यात. अल्सर. खात्री करायची तर नळी घालून पाहायला हवं, ती सोय इथे नाही. पण लक्षणं सगळी तीच आहेत.

आप्पा हसले. "अल्सर मला आहे, डॉक्टर. मी चाळीस माणसं सांभाळतो, कोर्टात दोन खटले आहेत, घरात एक जावई आहे. हिला कसली काळजी?"

मी कॉलेजात शिकलेलं सगळं ओतलं. माणसाच्या पोटात जेवणाच्या वेळी आम्ल सुटतं. घोड्याच्या पोटात ते रात्रंदिवस सुटत राहतं, कारण देवाने त्याला दिवसभर चरत राहायलाच घडवलंय. गवत चावताना लाळ सुटते, ती आम्लाला मारते. पोट रिकामं ठेवलं आणि वर नाचवलं, की ते आम्ल हिंदकळून जठराच्या वरच्या नाजूक भागावर जातं आणि चरे पाडतं. तेव्हा खुराक कमी करा, गवत दिवसभर समोर ठेवा, नाचायच्या आधी चार मुठी लसूणघास द्या, मुसकी काढा, रोज थोडा वेळ मोकळं सोडा.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मी तुम्हाला गाडी पाठवून आणलं. आणि तुम्ही सांगताय, गवत घाला."

याच वेळी मागच्या दाराने ठगीबाई आत आली. ती आप्पांच्या बैलांसाठी रोज गवताचा भारा आणायची. डोंगराकडची भिल्ल बाई, पन्नाशीची, सडसडीत, डोक्यावर स्वतःच्या दुप्पट रुंदीचं गवत. ठगी हे तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव. आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्या पोराला असं काहीतरी नाव द्यायचे, म्हणजे देवाला हाव सुटत नाही. भारा खाली टाकता टाकता तिने आमचं बोलणं ऐकलं असावं. घोडीकडे बघत ती म्हणाली, "काही रोग नही. तिले भूक लागेल शे."

आप्पा मोठ्याने हसले. गवत विकणारी बाई दुसरं काय सांगणार, असं ते म्हणाले. उस्ताद हसले, तबेल्यातले दोघे गडी हसले. आणि तीच गोष्ट लांबलचक शब्दांत नुकतीच सांगून झालेला मी, मीही हसलो.

त्यानंतर महिनाभर मला बोलावणं आलं नाही. आप्पांनी इंदूरहून एक तज्ज्ञ आणवले. ते पांढऱ्या मोटारीतून आले, घोडीकडे आरशातूनच बघितलं आणि ताकदीच्या पावडरीचे आठ डबे देऊन गेले. डब्यावर उधळलेल्या घोड्याचं चित्र होतं. पावडर तज्ज्ञांच्या स्वतःच्या कारखान्यातली होती. पण गवत विकणारी दुसरं काय सांगणार असं म्हणणाऱ्या आप्पांना पावडर विकणारा दुसरं काय सांगणार हा प्रश्न पडला नाही. डबा महाग होता, एवढं त्यांना पुरलं.

पाचव्या डब्याला घोडी पोटदुखीने लोळायला लागली. मग माझ्याकडे पुन्हा गाडी आली.

तिला त्या दिवशी शांत केलं. पुण्याच्या रेसच्या तबेल्यात माझा एक वर्गमित्र होता. त्याच्याकडून आम्ल कमी करणारं औषध मागवलं. नळीतून जिभेवर घालायचं, रोज सकाळी, उपाशीपोटी. आप्पांना ते औषध फार आवडलं, कारण ते पुण्याहून आलं होतं आणि रेसच्या घोड्यांना देतात असं वेष्टनावर लिहिलेलं होतं. गवताचं मी पुन्हा बोललो. तेवढं त्यांनी ऐकलं नाही.

तरी घोडी सुधारली. पंधरा दिवसांत तिने दात खाणं सोडलं. तीन आठवड्यांनी तंग आवळताना नुसती शेपटी हलवली. कातडी पुन्हा पाण्यासारखी चमकायला लागली, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या ढोलाला तिने असे पाय टाकले की उस्तादांनी स्वतःचं उपरणं तिच्यावरून ओवाळलं. मला मात्र कोडं पडलं होतं. नुसत्या औषधाने, मुसकी आणि उपास तसेच असताना, एवढा गुण यायला नको होता. पण गुण आला की डॉक्टर फारसा विचार करत नाही.

आप्पा माझ्यावर खूष झाले. माझं तेव्हा पुण्यात लग्न ठरत होतं. मुलीच्या वडिलांची एकच अट होती, बदली पुण्याला हवी. आप्पांचे एक साडू मंत्रालयात होते. एका संध्याकाळी आप्पा आपणहून म्हणाले की यात्रा होऊ द्या, तुमचं काम मी करतो.

आणि त्या पुढच्या सोमवारी टेपने घात केला. घोडीची कंबर दोन इंच वाढली होती.

आप्पांनी चौकशी बसवली. खुनाच्या तपासाला लागत नाही एवढी बारकाई तिथे दिसली. गव्हाणीच्या खाली मारवेल गवताच्या काड्या सापडल्या. गव्हाणीशेजारच्या खिडकीच्या गजाला गवत घासल्याच्या खुणा सापडल्या. एका गड्याने कबूल केलं की दुपारी सगळे जेवून आडवे झाले की ठगीबाई खिडकीतून हात घालून मुसकी सैल करते आणि भाऱ्यातलं गवत चारते. किती दिवस? महिना झाला असेल. रोज? रोज.

मला तेवढ्यासाठी बोलावून घेण्यात आलं. अंगणात आप्पा खुर्चीवर, उस्ताद बाजूला, दहाबारा माणसं भोवती. ठगीबाई मधोमध उभी होती, हातात विळा, डोक्यावर चुंबळ तशीच. आप्पांचं म्हणणं, हिने राणीसरकारांचा बांधा बिघडवला, यात्रा तोंडावर आली असताना. गवत विकायचं म्हणून चारलं. ती म्हणाली की त्या गवताचा तिने पैसा मागितला नाही. ते खरं होतं. ते ऐकून आप्पा आणखी चिडले. फुकट देणाऱ्या माणसाचा त्यांना कधीच अंदाज यायचा नाही.

ती म्हणाली, "गवत खाईसन बरी व्हयनी ती."

तेव्हा आप्पा माझ्याकडे वळले. "डॉक्टर, तुम्ही सांगा. राणीसरकार तुमच्या औषधाने बऱ्या झाल्या की हिच्या गवताने?"

माझं कोडं त्या क्षणी सुटलेलं होतं. औषधाने जखम भरायला वेळ दिला होता, आणि ती पुन्हा चिघळू दिली नव्हती ती या बाईने, रोज दुपारी, खिडकीतून. मला हे माहीत होतं. ठगीबाई माझ्याकडे बघत होती. पहिल्या दिवशी मी तेच सांगितलेलं तिने ऐकलं होतं, त्यामुळे तिला माझ्या उत्तराची खात्री असावी.

मी म्हणालो, "औषधाने."

ती म्हणाली, "बरं."

अकरा वर्षं ती त्या जिनिंगवर गवत घालत होती. त्या दिवसापासून तिला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. घोडीची मुसकी तारेने बांधली गेली. आप्पांनी मला चहा पाजला, आणि तो मी प्यालो.

यात्रेला घोडी नेली तेव्हा तिचं पोट खरंच पाठीला लागलं होतं. शेवटचे दोन दिवस बदाम आणि तूप सोडून काही दिलं नव्हतं. मी म्हणालो होतो, आप्पा, हे बरं नाही. पण बदलीचा अर्ज ज्याच्या खिशात आहे त्याला माणूस ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात म्हणालो होतो.

नदीकाठच्या मैदानावर दुपारी स्पर्धा सुरू झाली. कुंपणाला पाच हजार माणसं असतील. पायात चाळ, कपाळावर चांदीचं पदक, गळ्यात माळा असा साज चढवून राणीसरकार रिंगणात आल्या. ढोल लागला. सुरुवातीला ती नाचली, आणि खरं सांगतो, सुंदर नाचली. मग ढोल चढला तशी तिची मान पोटाकडे वळायला लागली. एकदा, दोनदा. मी कुंपणाशी होतो, मला कळलं. तिने पुढचा पाय जमिनीवर घासला. लोकांना तो ताल वाटला. तिने गुडघे टेकले. लोक ओरडले. मग ती खाली बसली, कुशीवर कलंडली आणि मान लांब करून स्वतःच्या पोटाकडे बघत पडून राहिली.

ध्वनिक्षेपकावरचा माणूस म्हणाला, "पाहा मंडळी, राणीसरकार पंचांना मुजरा करत आहेत."

टाळ्यांनी मैदान दणाणलं. ढोलवाल्यांना चेव आला. पंचांपैकी एकजण, फेटा बांधलेले, पांढऱ्या मिशांचे, उभे राहिले आणि त्यांनी त्या मुजऱ्याला स्वतः मुजरा केला.

मी कुंपणावरून उडी मारून आत धावलो. ढोल बंद करा असं मी ओरडत होतो. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग असेल. मलाही टाळ्या पडल्या.

घोडीचं तोंड घामाने आणि फेसाने भिजलं होतं. नेहमीची वेदनाशामक औषधं अशा पोटाला आणखी जाळतात, म्हणून आतड्याची कळ सोडवणारं इंजेक्शन दिलं, चाळ कापून काढले, आणि दोन गड्यांच्या मदतीने तिला उठवून हळूहळू फिरवायला लागलो. तासाभराने तिने लीद टाकली. मी आयुष्यात इतक्या आनंदाने कशाकडेच बघितलं नसेल. तोवर तिकडे मांडवात निकाल लागला होता. राणीसरकारांचा पहिला नंबर आला होता, मुजऱ्याचे गुण पैकीच्या पैकी.

आप्पा चषक घेऊन आले ते गिऱ्हाईकच बरोबर घेऊन. घोडी खाली पडलेली त्यांनीही पाहिली होती, आणि त्यांना मुजऱ्यातला आणि कळेतला फरक नीट कळत होता. म्हणूनच विकायची घाई होती. गिऱ्हाईक होते काठियावाडचे वजुभा नावाचे गृहस्थ, सत्तरीचे, साधं धोतर, पायात चिखल लागलेल्या वहाणा. त्यांनी घोडीभोवती एक फेरी मारली, गड्यांनी सवयीने पुन्हा तारेने बांधलेल्या मुसकीच्या फटीतून ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, आणि सरकारी डॉक्टर इथेच आहेत तर कागद द्या म्हणाले.

आप्पांनी जीपच्या बॉनेटवर माझं दाखल्यांचं छापील पुस्तक उघडलं, खाली कार्बन घातला आणि मजकूरही सांगायला लागले, सर्व दृष्टीने निरोगी. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले की साडू परवा येताहेत, तुमचा कागदही त्यांच्या हातात देतो.

मी लिहायला लागलो. आप्पा वजुभांना चषक दाखवत होते. मी काय लिहिलं ते मला आजही पाठ आहे: "सदर घोडीस जठरव्रणाचा विकार असावा. कारण, दीर्घकाळ उपाशी ठेवणे, जास्तीचा खुराक व मुसकी. मागील महिन्यात दिसलेली सुधारणा ही औषधाइतकीच, किंबहुना अधिक, दररोज दुपारी मिळालेल्या गवतामुळे झाली. सदर गवत ठगीबाई वसावे, गवत विक्रेती, यांनी स्वखुशीने व विनामोबदला घातले. याबाबत मी पूर्वी दिलेले मत चुकीचे होते." खाली सही, शिक्का.

वजुभांनी तो कागद डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचला. ते अडखळत वाचत होते, त्यामुळे भोवतीच्या माणसांना प्रत्येक शब्द नीट ऐकू गेला. आप्पांचा चेहरा हळूहळू चषकासारखा पिवळा झाला. वाचून झाल्यावर वजुभांनी घोडीच्या मुसकीची तार सोडली. त्यांचं चराऊ कुरण होतं आणि हा रोग त्यांना ठाऊक होता. घोडी त्यांनी घेतली, पण आप्पांनी मनात धरलेल्या किमतीच्या निम्म्यालाच, आणि कागद ऐकून बसलेल्या यात्रेत दुसरं कुणी पुढे आलं नाही.

आप्पा मला एवढंच म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या बदलीचं मी बघतो." त्यांनी बघितलं. महिन्याभरात हुकूम आला. डोंगरातला, जिथे एसटी दिवसाआड जायची. पुण्याच्या मुलीचं लग्न पुढे पुण्यातच झालं, असं ऐकलं.

पण त्या दिवशी मला यातलं कशाचंच वाईट वाटत नव्हतं. ऊर भरून आला होता. मी पुस्तकातली कार्बनची प्रत फाडून खिशात घातली आणि यात्रेत गवताच्या रांगेकडे गेलो. उन्हं कलली होती. ठगीबाई तिथे पेंढ्या मांडून बसलेली होती. मला पाहून ती उठली नाही.

तिने विचारलं, "घोडी उभी राहिनी का?"

मी म्हणालो, राहिली. विकलीसुद्धा. काठियावाडला चालली, तिथे कुरण आहे. तिने मान हलवली आणि पेंढ्या सारख्या करायला लागली. मग मी तिच्यासमोर उकिडवा बसलो, कागद काढला आणि तिला तो सावकाश वाचून दाखवला. तिचं नाव आलं तिथे मी जरा थांबलो. शेवटचं वाक्य तर मी दोनदा वाचलं.

मी मान वर केली तेव्हा ती घाबरलेली होती.

"मनं नाव कशाले लिखं, साहेब?"

मी सांगितलं की हे चांगलंच लिहिलंय, तुझा मान वाढवणारं लिहिलंय, सगळ्यांसमोर वाचलं गेलं. तिच्या चेहऱ्यावरचं भय तेवढ्याने आणखी वाढलं. कधीतरी, पूर्वी, कुण्या जंगलखात्याच्या साहेबाने तिच्या नवऱ्याचं नावही असंच शिक्क्याच्या कागदावर लिहिलं होतं, तेही गवताच्याच पायी. सात महिने तो दर सोमवारी तालुक्याला चालत जायचा आणि बाकावर बसून परत यायचा. कशासाठी ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. हे तिने मला थोडक्यात सांगितलं, गिऱ्हाइकाला पेंढी देता देता.

मग म्हणाली, "खोडी टाका ते."

मी म्हणालो, मूळ कागद घोडीबरोबर गेला. तिने विचारलं, काठियावाड किती लांब. मी म्हणालो, फार लांब, गुजरातच्या पार पलीकडच्या टोकाला. तिने थोडा विचार केला.

"तो राहू द्या तठे. हाई खोडा."

मी पेन काढलं आणि तिच्या नावावर रेघ ओढली. तिला वाचता येत नव्हतं. तिने कागदावर वाकून त्या रेघेकडे पाहिलं, बोट ठेवून विचारलं की हेच ना नाव, आणि रेघेखालून अक्षरं अजून दिसताहेत असं म्हणाली. मी पुन्हा खोडलं. शाई जाड बसली. तिचं समाधान झालं नाही.

"आजून खोडा," ती म्हणाली.

मी खोडत राहिलो, कागद त्या जागी फाटेपर्यंत. मग तिने मान हलवली, आणि पलीकडे एक पेंढी हाताने जोखत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला भाव सांगायला वळली.